गारपीट, कुरव आणि कॅमेरा

फेब्रुवारी-मार्चमध्ये जबलपूरच्या परिसरात होणारी अवकाळी गारपीट बहुधा पश्चिमी विक्षोभांशी, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकत येणाऱ्या वातावरणीय प्रणालींशी, निगडित असते; वरच्या थरातील थंड हवा आणि समुद्राकडून येणारे बाष्प यांची गाठ पडली की गहू-मटाराच्या उभ्या पिकावर गारा कोसळतात. पिकांचे पंचनामे होतात. पण याच आठवड्यांत नर्मदेच्या ग्वारीघाटावर आणि बरगी धरणाच्या जलाशयावर उतरलेले कुरवांसारखे स्थलांतरित पक्षी परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात, याची नोंद सहसा कोणी घेत नाही.

ही चरबी म्हणजे त्यांचे इंधन. पिसांत कोंडलेली हवा शरीराची ऊब राखते आणि पिसे भिजली की ती ऊब टिकवण्यासाठी साठवलेले इंधनच जाळावे लागते. म्हणून वादळात कुरव वाऱ्याकडे तोंड करून, अंग आखडून निश्चल बसतो. छायाचित्रात ही निश्चलता धीरोदात्त भासते आणि तिला ‘झुंज’, ‘जिद्द’ असे मथळे मिळतात. वास्तविक ती निव्वळ काटकसर असते. विश्रांतीपेक्षा उड्डाणाला कितीतरी पट अधिक ऊर्जा लागत असल्यामुळे, नाव जवळ नेऊन पक्षी उडवला आणि गारांच्या पडद्यातून पसरलेल्या पंखांचे चित्र टिपले, तर त्या चित्राची किंमत पक्ष्याने मोजलेली असते.

ग्वारीघाटावर शेव फेकून कुरवांचे थवे नावेभोवती गोळा करण्याची रीत आहे (सारेच त्यांना सायबेरियाचे पाहुणे म्हणतात, जरी तपकिरी डोक्याच्या कुरवाची वीण मध्य आशियाच्या पठारांवर आणि लडाखमध्ये होते). १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत वन्य प्राण्याला पकडण्याबरोबर हाकणे आणि आमिष दाखवणे हेही येते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे; शेव फेकणारा शिकारी ठरतो असे नव्हे, पण बंदूक नसली म्हणजे ढवळाढवळ नसते, हा समज कायद्यालाही मान्य नाही.

याउलट, लांब भिंगाने काठावरूनच घेतलेले, पावसाने धूसर झालेले, पक्षी इवलासा दिसणारे चित्र स्पर्धेत मागे पडले, तरी त्यासोबत दिनांक, वेळ, जागा आणि हवामान लिहिलेले असेल तर ते पुरावा ठरते. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने माळव्यातील धार संस्थानाच्या साहाय्याने १९२७ च्या सुमारास पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्यास आरंभ केला, तेव्हा त्या कड्यावरचा आकडा वाचण्यासाठी पक्षी पुन्हा हाती लागावा लागे, आणि तो बहुधा मेलेलाच असे. आता मंगोलियात गळपट्टे बांधलेले पट्टकादंब हंस भारतातील जलाशयांवर, त्यांना हात न लावता, छायाचित्रांवरून ओळखता येतात.