मित्राचे असत्य आणि अपैशुन्य

चेन्नई नगराच्या वायव्य अंगास अंबत्तूर नावाचे उपनगर आहे. १९६४ साली शासनाने तेथे औद्योगिक वसाहत वसविली, आणि तेव्हापासून लोखंड कापणे, घासणे, जोडणे हा त्या परिसराचा नित्याचा उद्योग होऊन बसला. तेथून आगगाडीने थोडीच स्थानके पुढे गेले की आवडी लागते. १९६५ साली आवडीच्या कारखान्यातून ‘विजयन्त’ रणगाडा बाहेर पडला, आणि पुढे तेथेच आखलेल्या व घडविलेल्या दुसऱ्या रणगाड्यास ‘अर्जुन’ असे नाव देण्यात आले. गीतेच्या वाचकास हे नाव ऐकून क्षणभर थांबावेसे वाटेल. या पोलादी अर्जुनाची परीक्षा करणे सोपे आहे. त्याच्या पत्र्याची जाडी मोजता येते, तोफेचा नेम तपासता येतो, सदोष भाग काढून नवा बसविता येतो. शिवाय त्याला विषाद होत नाही. परंतु त्याच्या आत बसून आज्ञा देणाऱ्या मनुष्याची परीक्षा कोणत्या मापाने करावी?

ते काम त्याच नगराच्या दुसऱ्या टोकास, विमानतळानजीक असलेल्या परंगिमलै म्हणजे सेंट थॉमस माउंट येथे चालते. १९६२ च्या चीन-युद्धाने सैन्यास अधिकाऱ्यांची निकड भासू लागली, तेव्हा १९६३ साली तेथे अधिकारी प्रशिक्षण शाळा सुरू झाली. १९८८ पासून ती अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनी म्हणून ओळखली जाते, आणि १९९२ पासून तेथे मुलीही शिक्षण घेतात. महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला तरुण येथे येतो आणि वर्षभराच्या आत माणसांच्या प्राणांचा विश्वस्त होऊन बाहेर पडतो. सन्मानाने सेवा करणे हे या संस्थेचे ब्रीद होय. पुण्याजवळ खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, तिचे ब्रीद ‘सेवा परमो धर्मः’ असे आहे. डेहराडूनच्या प्रबोधिनीत १९३२ साली सरसेनापती चेटवुड यांनी जो क्रम घालून दिला तोही वाचकांच्या ऐकण्यात असेल: देशाचे हित प्रथम, हाताखालच्या सैनिकांचे त्यानंतर, आणि स्वतःचे सुख सर्वांच्या शेवटी, तेही नेहमीच.

अशा संस्थांतून जी सन्मान-संहिता पाळावयाची असते तिचे शब्द निरनिराळे असले तरी गाभा एकच आहे. खोटे बोलावयाचे नाही, फसवावयाचे नाही, चोरावयाचे नाही. येथवर कोणासही शंका येण्याचे कारण नाही. आपल्या घरातील लहान मूलसुद्धा एवढे जाणते. खरी अडचण पुढच्या कलमात आहे, आणि अमेरिकेतील वेस्ट पॉइंटच्या सैनिकी विद्यालयाने ते उघडपणे लिहून ठेवले आहे: जो असे करील त्याला खपवूनही घ्यावयाचे नाही. म्हणजे शेजारच्या खाटेवर निजणारा, आपल्याबरोबर चिखलात लोळलेला, आपले ओझे एखाद्या रात्री स्वतःच्या पाठीवर घेतलेला मित्र परीक्षेत नक्कल करताना दिसला, तर ते वरिष्ठांस कळविणे हा आपला धर्म, आणि गप्प राहणे हाही अपराधच.

गृहस्थाश्रमी मनुष्यास हे ऐकून अस्वस्थ वाटणे स्वाभाविक आहे. आपण मुलांना चहाडी करू नये असेच शिकवीत आलो. आणि केवळ आपणच नव्हे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे जे गुण भगवंतांनी सांगितले त्यांत सत्य आहे आणि त्याच श्लोकात अपैशुनही आहे. दुसऱ्याचे छिद्र तिसऱ्यासमोर उघडे करणे म्हणजे पैशुन, असा त्याचा अर्थ श्रीशंकराचार्यांनी आपल्या भाष्यात दिला आहे. तेव्हा एकाच श्लोकातील दोन गुण येथे एकमेकांशी भांडू लागले की काय, असा प्रश्न उभा राहतो. तो शब्दांच्या चतुराईने टाळण्याजोगा नाही, कारण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला तो रात्री झोप लागू देत नाही.

ज्ञानेश्वर महाराजांनी या अपैशुन्याचे जे विवरण केले आहे ते येथे फार उपयोगी पडते. चिखलात गाय रुतली असता ती दुभती आहे की भाकड आहे, हे सज्जन पाहत बसत नाही. बुडणाऱ्याला त्याची जात न विचारता तो बाहेर काढतो. दुसऱ्याच्या दोषाकडे पाहण्यापूर्वी तो दोष आपल्या दृष्टीने आधी स्वच्छ करून घ्यावा आणि मग त्याच्याकडे पाहावे, असा त्यांचा भाव आहे. नीट ध्यानात घ्यावे: गाय चिखलातच राहू द्यावी असे त्यांनी म्हटलेले नाही. दोष दिसला असता डोळे मिटणे याला अपैशुन्य म्हणत नाहीत, ती उदासीनता होय, आणि पुष्कळदा तर तो निव्वळ भित्रेपणा असतो. चहाडखोराला दोष सापडल्याचा आनंद होतो. सज्जनाला त्याचे दुःख होते आणि तो प्रथम हात पुढे करतो. ‘तू स्वतः जाऊन सांग, मी तुझ्याबरोबर येतो’ हे वाक्य मित्राला उच्चारता आले, तर सत्यही राहते आणि अपैशुन्यही राहते.

पण तो आला नाही तर? हे मात्र टाळता येत नाही. माझ्या मते, तेव्हा सांगितलेच पाहिजे. कारण येथे दोष झाकणे म्हणजे एका मनुष्याचे वस्त्र झाकणे नव्हे. टेकडी शोधून पाहिली नसताना ‘पाहिली’ असे एखाद्या अधिकाऱ्याने कळविले, तर त्या शब्दावर विश्वासून दुसरी तुकडी पहाटे त्याच वाटेने चालू लागते. मरण येते ते तिच्या वाट्याला. परीक्षेतील उत्तर आणि टेकडीवरील वृत्तांत यांत अंतर आहे खरे, परंतु खोटे बोलणारी जीभ एकच असते. द्रोणाचार्यांनी इतर कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, युधिष्ठिराला विचारले. आणि अर्धे सत्य बोलल्यामुळे, आजवर भूमीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला, असे व्यासांनी लिहून ठेवले. युद्ध पांडवांनी जिंकले, तरीही ती नोंद व्यासांनी गाळली नाही.

तथापि केवळ शिक्षेच्या भयावर उभारलेली संहिता किती टिकते याचाही विचार केला पाहिजे. वेस्ट पॉइंट येथे १९५१ साली परीक्षेतील गैरव्यवहारामुळे सुमारे नव्वद विद्यार्थ्यांस जावे लागले. १९७६ साली पुन्हा तसेच घडले. या वेळी दीडशेहून अधिक जण गेले, आणि त्यांपैकी पुष्कळांस वर्षभरानंतर परत घेण्यात आले. त्या प्रकरणाची चौकशी अंतराळवीर फ्रँक बोरमन यांच्या मंडळाने केली आणि दोषाचा वाटा खुद्द संस्थेनेही उचलला पाहिजे असा निर्णय दिला. २०२० साली घरून दिलेल्या गणिताच्या परीक्षेत तेथील सत्तरांहून अधिक विद्यार्थ्यांवर आरोप आले, त्यांतील बहुतेक सर्व पहिल्या वर्षाचे. नियम तर भिंतीवर लिहिलेलाच होता. पण या मुलांना घरी बसून परीक्षा द्यावी लागली तेव्हा जवळ कोणी नव्हते: शिक्षक नाही, ज्येष्ठ नाही, शेजारच्या खाटेवरचा मित्रही नाही.

लोकांत होणारा मान आणि अंतरीचा मान, यांतील भेद येथे स्पष्ट होतो. दुसऱ्या अध्यायात भगवान अर्जुनाला अपकीर्तीचे भय दाखवितात, संभाविताला ती मरणाहून वाईट असे सांगतात. पुष्कळ वाचक तेथेच थांबतात आणि गीता लोकलज्जेचा उपदेश करते असे समजतात. परंतु ती पहिली पायरी होय. पुढे तर भक्ताचे आणि गुणातीताचे लक्षण सांगताना मान व अपमान दोन्ही समान मानण्यास सांगितले आहे. लोक काय म्हणतील, या विचाराने जो खरे बोलतो तो लोक नसतील तेथे काय करील? मुलाला पहिली पायरी भिंतीवरील नियम दाखवू शकतो. दुसरीवर चढविण्यास मात्र कोणीतरी हात धरणारा लागतो.

तो हात कधी ज्येष्ठ तुकडीतील कॅडेटचा असतो, कधी ‘उस्ताद’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हवालदाराचा. उस्तादाचे पद चमत्कारिक आहे. पदाने तो लहान, पण वर्षभर उद्याच्या अधिकाऱ्याला दटावण्याचा अधिकार त्याचा. ज्येष्ठांची परंपरा मात्र दुधारी आहे. कनिष्ठाला ‘रगडा’ देण्यात पुरुषार्थ मानणारे ज्येष्ठ सर्वत्र भेटतात, आणि त्यांचे समर्थन एकच असते: आम्ही सोसले, यांनीही सोसावे. हे समर्थन आपल्याला परके नाही. कित्येक घरांत सासूने सुनेच्या बाबतीत हेच म्हटले आहे. त्रास देणाऱ्यासमोर कनिष्ठ खोटे बोलावयास शिकतो, कारण खरे बोलण्याचे मोल त्याला परवडत नाही. म्हणून जेथे ज्येष्ठ क्रूर असतो तेथे सन्मान-संहिता आतून पोखरली जाते. श्रेष्ठ जसा वागतो तसे इतर वागतात हे तिसऱ्या अध्यायातील तत्त्व ज्येष्ठांच्या दुर्वर्तनासही तितकेच लागू आहे, याकडे आपले लक्ष कमी जाते.

गीतेतील मार्गदर्शक सारथी होऊन रथाच्या पुढल्या भागात, योद्ध्याच्या आज्ञेत बसला आहे. लगाम त्याच्या हाती आहेत, धनुष्य मात्र अर्जुनाच्याच हाती. आणि सर्व सांगून झाल्यावर, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर, असे तो म्हणतो. आपण पालक मुलांना इतके स्वातंत्र्य देतो काय? दारी आलेल्या मनुष्याला ‘बाबा घरी नाहीत’ असे सांगावयास लावतो, आणि पुढे प्रबोधिनीने त्याला सत्यवक्ता करावे अशी अपेक्षा बाळगतो! ४९ आठवड्यांत ती संस्था काय काय धुऊन काढील?

तरीही काही जणांच्या ठायी ते उतरते. रामस्वामी परमेश्वरन् यांचा जन्म १९४६ साली मुंबईत झाला, शिक्षणही तेथेच झाले. १९७२ साली चेन्नईच्या याच शाळेतून ते अधिकारी होऊन महार रेजिमेंटमध्ये गेले. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री श्रीलंकेत शोधमोहिमेहून परतत असताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. ते शत्रूच्या पिछाडीस वळून गेले, आणि हातघाईच्या लढाईत त्यांच्या छातीत गोळी लागली. ज्याने ती झाडली त्याचीच बंदूक हिसकावून त्यांनी त्याला ठार केले, आणि प्राण जाईपर्यंत ते आपल्या माणसांना आज्ञा देत राहिले. अंधारात माणसे त्या आवाजावर हलली. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. परंगिमलैच्या संचलन-मैदानास आज त्यांचे नाव आहे. शिक्षण पूर्ण झालेली प्रत्येक तुकडी त्या मैदानावर संचलन करते आणि अंतिम पग ओलांडून बाहेर पडते. खांद्यावर तारे चढले की कालपर्यंत धाकात ठेवणारा उस्ताद पुढे येऊन त्या तरुणास सलाम करतो.