अजाणता घडणारी हिंसा

जाणूनबुजून केलेले पाप आणि नकळत हातून घडलेला अपराध यांत भेद करण्याची रीत आपल्या समाजात फार जुनी आहे, आणि तो भेद योग्यच आहे. वाटेने जाताना पायाखाली मुंगी चिरडली गेली म्हणून कोणी कोणास क्रूर म्हणत नाही. परंतु या भेदाचा आधार घेऊन आपण पुष्कळदा विचारच थांबवितो. ‘आमचा तसा हेतू नव्हता’ एवढे म्हटले की आपली जबाबदारी संपली, असे आपणांस वाटू लागते. पण ही हिंसा एकदाच घडून संपणारी नसेल, ती ठराविक साधनांनी, ठराविक जागी, वर्षानुवर्षे घडत असेल, आणि ती घडते हे आपणांस कळून चुकले असेल, तर ‘अजाणता’ हा शब्द तिला कितपत लागू पडतो? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे देवमाशाच्या निमित्ताने करू इच्छितो.

देवमासा हा वस्तुतः मासा नव्हे. तो पिलास दूध पाजणारा, आणि श्वासासाठी वारंवार पाण्यावर येणारा प्राणी आहे. उत्तर अटलांटिक महासागरात, अमेरिका व कॅनडा यांच्या पूर्व किनाऱ्यालगत त्याची एक जात राहते. तिला ‘राइट व्हेल’ म्हणतात. राइट म्हणजे योग्य. मारण्यास योग्य, असा या नावाचा अर्थ सांगतात. हा प्राणी संथ चालीचा, किनाऱ्याजवळ राहणारा, आणि चरबी भरपूर असल्याने मेल्यावरही तरंगत राहणारा. म्हणून शिकाऱ्यांना तो सोयीचा वाटला. शतकानुशतके त्याची कत्तल झाली. १९३५ साली आंतरराष्ट्रीय कराराने त्याच्या शिकारीस बंदी आली. म्हणजे जाणून केलेली हिंसा संपली. तरीही २०१० च्या सुमारास सुमारे ४८० असलेली ही संख्या आज ३८० च्या आसपास आहे, आणि पिले होऊ शकतील अशा माद्या जेमतेम सत्तर उरल्या आहेत.

याची मुख्य कारणे दोन. पहिले कारण दोर. त्या किनाऱ्यावर शेवंडे आणि खेकडे धरण्यासाठी समुद्राच्या तळाशी पिंजरे सोडतात, आणि प्रत्येक ठिकाणची खूण म्हणून तळापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत दोर बांधून वर तरंगता बोया ठेवतात. असे लक्षावधी दोर पाण्यात उभे असतात. देवमासा तोंड उघडे ठेवून बारीक जीव गाळीत पुढे जातो. दोर तोंडात, परात किंवा शेपटीत अडकतो. प्राणी घाबरून वळतो आणि अधिकच गुरफटतो. कित्येकदा तो दोर महिनोन्‌महिने ओढीत फिरतो आणि शेवटी झिजून मरतो. या जातीतील शेकडा ८५ हून अधिक प्राण्यांच्या अंगावर एकदा तरी दोरात अडकल्याच्या खुणा आढळल्या आहेत. दुसरे कारण जहाजे. आई आणि पिलू पाण्याच्या वरच्या थरात फार काळ राहतात. वेगाने येणाऱ्या जहाजाचा तळ त्यांच्यावर आदळतो, आणि वर उभ्या असलेल्या खलाशांना पुष्कळदा त्याचा पत्ताही लागत नाही.

यांत दुष्ट कोण? कोळी पोट भरण्यासाठी पिंजरा टाकतो; देवमासा अडकला तर त्याचा दोर आणि पिंजरा दोन्ही जातात, म्हणून तो अडकावा असे त्यास कधीच वाटत नाही. जहाजाचा कप्तान वेळेवर बंदर गाठू पाहतो. दोघेही आपले काम करीत आहेत. येथे एखादा खलपुरुष शोधून त्याच्यावर राग काढता आला असता, तर प्रश्न सोपा झाला असता.

आपल्या धर्मशास्त्राने हा पेच घरातच ओळखला होता. गृहस्थाच्या घरी पाच हिंसास्थाने असतात, असे मनुस्मृतीत सांगितले आहे: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांना ‘पंचसूना’ म्हणतात. या प्रत्येक जागी नकळत लहान जीव मरतात. शास्त्रकारांनी ‘चूल विझवा’ असे सांगितले नाही, कारण गृहस्थाश्रम त्यावर चालतो. पण ‘हेतू नाही, तेव्हा दोष नाही’ असेही म्हटले नाही. त्यांनी दोष मान्य केला आणि त्याच्या निष्कृतीसाठी रोजचे पंचमहायज्ञ गृहस्थावर घातले. त्यांत भूतमात्रास अन्न देण्याचाही यज्ञ आहे. अर्थ असा की, ज्याच्या व्यवहारात नित्य हिंसा घडते त्याच्यावर नित्य कर्तव्य येते. हातून हिंसा झाली हे नाकारणे आणि तिच्या भयाने हात बांधून बसणे, या दोहोंच्या मधली ही वाट आहे.

दुसरे उदाहरण दशरथ राजाचे. श्रवणकुमाराला मारण्याचा त्याचा हेतू मुळीच नव्हता. घड्यात पाणी भरण्याचा आवाज त्याने हत्तीचा समजला आणि बाण सोडला. मग त्याचा दोष कोठे? आमच्या मते, न पाहता मारणारे साधन त्याने चालविले, येथे. अंधारात सोडलेला बाण माणूस आणि जनावर यांत भेद करीत नाही, हे त्या धनुर्धराला ठाऊक होते. पाण्यात उभा असलेला दोर आणि रात्रीच्या वेळी पूर्ण वेगाने धावणारे जहाज हीदेखील न पाहणारी साधने आहेत. ज्याला हे कळले आहे त्याने हेतूची सबब पुढे करणे पुरेसे नाही. त्याने साधन सुधारले पाहिजे.

साधन सुधारता येते, ही आनंदाची गोष्ट होय. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे, १५ नॉट वेगाच्या जहाजाची धडक बसली तर देवमासा मरण्याचा संभव शेकडा ८० च्या जवळ असतो; वेग साडेआठ नॉटच्या आसपास आणला तर तो शेकडा २० पर्यंत उतरतो. २००८ पासून अमेरिकेने आपल्या किनाऱ्याच्या काही भागांत, ठराविक महिन्यांत, ६५ फूट व त्याहून मोठ्या जहाजांना १० नॉटची मर्यादा घातली आहे. कॅनडाने फंडीच्या उपसागरातील जहाजांचा मार्गच २००३ साली बाजूस सरकविला. दोरासाठीही उपाय निघाला आहे: बोया आणि दोर तळाशीच ठेवावयाचे, आणि होडीवरून ध्वनीचा संकेत दिला की ते वर यावयाचे.

मात्र एकदा नियम केला आणि सुटलो, असे येथे होत नाही. समुद्राचे पाणी तापू लागल्याने या प्राण्यांचे भक्ष्य सरकले, आणि त्यामागोमाग तेही सेंट लॉरेन्सच्या आखातात गेले. तेथे संरक्षणाचे नियम नव्हते. एकट्या २०१७ साली अमेरिका व कॅनडा मिळून १७ मृत्यू नोंदले गेले. पंचमहायज्ञ नित्य का सांगितले, हे यावरून उमजते.

आता खर्चाचा प्रश्न. दोराविना पिंजरे उचलण्याची साधने महाग आहेत, आणि लहान होडीवाल्यास ती झेपत नाहीत. अमेरिकेतील मेन राज्यातील कोळ्यांनी नव्या बंधनांना विरोध केला, तो पोटासाठी. २०२२ च्या अखेरीस तेथील संसदेने शेवंडांच्या मासेमारीवरील नवे नियम २०२८ अखेरपर्यंत लांबविले. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये मार्थाज व्हिनयार्ड बेटावर तीन वर्षांची एक मादी मृत आढळली. तिच्या शेपटीत रुतलेल्या दोरावर जांभळी खूण होती, आणि ती खूण मेन राज्याच्या कोळ्यांची. राज्य कळले, दोर कोणाचा, हे कळले नाही. हे प्रकरण आम्हांस फार विचार करावयास लावते. दोष एका माणसाचा ठरत नाही, म्हणून तो कोणाचाच नाही, असे होत नाही. तो त्या धंद्याचा आहे, आणि त्या धंद्याचे फळ ताटात घेणाऱ्यांचाही आहे. मग साधन सुधारण्याचा भार एकट्या कोळ्याने वाहावा, हे न्यायाचे होईल काय?

याचे उत्तर आपल्या शेजारी मिळते. गुजरातच्या वेरावळ किनाऱ्यावर व्हेल शार्क येतो. नावात व्हेल असले तरी हा खराखुरा मासाच. पूर्वी तेथे त्याची मोठी शिकार होई. २००१ साली त्यास कायद्याचे संरक्षण मिळाले. परंतु वागणूक पालटली ती २००४ च्या मोहिमेनंतर. बाळंतपणासाठी माहेरी आलेली ही लेक आहे, असे मोरारीबापूंनी लोकांस सांगितले. त्यानंतर कोळ्यांनी आपली मोलाची जाळी स्वहस्ते कापून शेकडो मासे सोडून दिले, आणि जाळ्याची भरपाई सरकारने दिली. महाराष्ट्रातही २०१८ पासून संरक्षित जीव सोडविताना फाटलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आली. भावना कोळ्याची आणि भार सर्वांचा, अशी ही वाटणी आम्हांस धर्म्य वाटते.

अरबी समुद्रातही देवमासे आहेत. तेथील हंपबॅक जातीचे प्राणी इतरांप्रमाणे दूरच्या थंड समुद्रात जात नाहीत. ओमानच्या बाजूस त्यांची संख्या शंभराहून कमी अंदाजली गेली आहे. त्यांतील एका मादीच्या अंगावर संशोधकांनी खूणयंत्र बसविले होते. २०१७ साली ती ओमानहून निघून गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत आली. तिचे नाव लुबान, म्हणजे धूप. तिच्या वाटेवरही दोर, जाळी आणि जहाजे आहेत.

आपण मंडळी बहुतेक समुद्रापासून दूर राहणारी. आपल्यापैकी कोणी पिंजरा टाकीत नाही. पण आपल्या घरात येणारे कितीतरी सामान जहाजाने येते, आणि ते लवकर व स्वस्त यावे अशी इच्छा आपलीच असते. जहाजाचा वेग त्या इच्छेने वाढतो. तेव्हा माल चार दिवस उशिरा आला किंवा मासळी चार पैशांनी महागली, आणि त्यामागे असे एखादे कारण असले, तर कुरकुर न करता ते सोसणे हा आपल्या वाट्याचा यज्ञ समजावा. भरपाईसाठी सरकार पैसा खर्च करते तेव्हा तो वाया गेला असे म्हणू नये. आणि मुलांना ही हकीकत सांगताना कोळ्याला राक्षस ठरवू नये.

न कळता झाले, याला क्षमा आहे. कळल्यानंतर जे चालू राहील त्याचा जाब आपणा सर्वांस द्यावा लागेल, असे आम्हांस वाटते. वडीलधाऱ्या वाचकांनी यावर आपला अभिप्राय जरूर कळवावा.