हक्काने मागता येईल असं धोरण

जुलै २०२४मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि रहिमतपूरच्या आल्याच्या शेतापासून पुण्यातल्या सोसायट्यांपर्यंत एकच सूर ऐकू येऊ लागला : सरकारने बाजूला व्हावं, लोकांना आयतं देऊ नये, धमक असेल तो वर येतोच. हे मत सुखवस्तू माणसाच्या सोयीचं आहे आणि या मातीचा इतिहास पाहता साफ खोटं आहे.

रहिमतपूरच्या शेतकऱ्याच्या अंगात धमक आहेच. बेणं निवडायचं, गादीवाफे पाडायचे, कंदकूज सांभाळायची आणि शेवटी पाचशे किलोच्या गाडीला व्यापारी सांगेल तो दर घ्यायचा, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पण कोरेगाव तालुक्यातल्या या बागायतीमागे धोमचा कालवा आहे, कोयनेची वीज आहे, सरकारी भागभांडवलावर उभी राहिलेली साखर कारखानदारी आहे. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर दहिवडीला पाचशेच्या आसपास. माण-खटाव आणि शेजारच्या खानापूर-आटपाडीचा माणूस सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात देशभर गेला, परमुलखात पेढ्या उभ्या केल्या. त्याच्यात धमक नव्हती असं कोण म्हणेल? कमी होतं ते गावाकडचं पाणी.

जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, इथून जवळच, खटाव तालुक्यात. १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी सरकारची जी झडती घेतली, तिचा आधार ‘सरकार नको’ म्हणणाऱ्यांना सहज घेता आला असता. कालव्याची पट्टी घेता आणि पाणी वेळेवर देत नाही, असा त्यांचा आरोप होता. पण एवढं झोडपून जोतीरावांनी सरकारला घरी बसायला सांगितलं नाही. पलटणीतल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या हातांकडून ताली-बंधारे घालून घ्या, पावसाचं पाणी शेतात मुरवा, विहिरींना बारमाही पाणी राहील असं करा, अशी कामांची यादीच त्यांनी पुढे ठेवली. शेतसारा घेता, तर शेत पिकण्याची जबाबदारीही घ्या, हा त्यांचा हिशेब. राज्यसंस्थेवर इतका राग आणि तिच्याकडून इतकी अपेक्षा, दोन्ही एकाच लेखणीत आहेत. आपल्या आजच्या चर्चेत यातलं एकच काहीतरी असतं, म्हणून ती पोकळ वाटते.

जोतीरावांची मागणी मात्र सरकारच्या सद्बुद्धीवर अवलंबून होती. ती कसर वि. स. पागे यांनी भरून काढली. १९६५मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात त्यांनी रोजगार हमीचा प्रयोग केला. पुढे १९७२च्या दुष्काळाने तिची गरज सगळ्यांना पटवली. १९७७मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारी भत्ता द्या. खर्चासाठी १९७५पासून व्यवसाय कर बसवला होता. पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून आजही दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, तो हाच कर. शहराने खेड्याच्या घामाला दिलेली ही कायदेशीर साथ होती. २००५चा देशाचा रोजगार हमी कायदा याच वाटेने आला.

इथवर धोरणाची बाजू मांडली, पण तिच्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. धोरणानेच पाणी आणलं आणि धोरणानेच ते उसाच्या पदरात टाकलं. ज्याच्या नावावर लाभक्षेत्रात जमीन, त्यालाच पाणी. नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९९३पासून आटपाडीच्या पाणी परिषदांतून पुढे आणलेली समन्यायी वाटपाची मागणी म्हणून मोलाची आहे : पाणी दर कुटुंबाला, भूमिहीनालाही. समृद्धी आली की नाही, एवढ्यावर धोरणाची परीक्षा संपत नाही. त्या समृद्धीवर कोणाला दावा सांगता येतो, हेही तपासावं लागतं.

या कसोटीवर लाडकी बहीण योजनेचे दरमहाचे पंधराशे रुपये तोकडे पडतात. घेणारी बाई आयतखाऊ नाही. तिच्या घरातल्या आणि शेतातल्या कष्टाला कोणी कधी दाम दिला नाही. पण ही मदत शासन निर्णयावर उभी आहे. निवडणुकीआधी ती सढळ हाताने दिली, निवडणुकीनंतर छाननी झाली आणि नावं कमी झाली. कायद्याचा आधार नसलेली मदत कोणत्याही दिवशी काढून घेता येते.

म्हणून दारात येणाऱ्या उमेदवाराला ‘किती देणार’ एवढंच विचारून थांबू नका. ‘तुम्ही दिलं नाहीत, तर कोणत्या कायद्याने मागू?’ हेही विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत मत राखून ठेवा.