टाळीने ऋण फिटते काय?

तरुण कार्यकर्त्याचे भाषण ऐकून सभा भारावून जाते. टाळ्यांचा कडकडाट होतो. 'तरुणांकडून आम्हाला मोठी आशा आहे' असे अध्यक्ष सांगतात, आभारप्रदर्शन होते आणि मंडळी घरोघर जातात. येथे एक नैतिक प्रश्न उपस्थित होतो. ज्या शब्दांनी आपण भारावलो, त्या शब्दांचे आपण काही देणे लागतो की नाही?

प्रथम वयाचा मुद्दा. कोसलनरेश पसेनदीने भगवान बुद्धांना विचारले होते की, नामवंत वृद्ध आचार्यही संबोधीचा दावा करीत नाहीत. मग वयाने लहान असून आपण तो कसा करता? भगवंतांचे उत्तर संयुत्तनिकायातील दहरसुत्तात आहे. क्षत्रिय, सर्प, अग्नी आणि भिक्खू यांना लहान म्हणून तुच्छ लेखू नये. अर्थात, शब्दाची पारख वयावरून करणे धम्माला मान्य नाही. पण हा न्याय दोन्हीकडून लागू पडतो. बोलणारा तरुण आहे, एवढ्यावरून त्याचे म्हणणे खरेही ठरत नाही. कालामांना केलेला उपदेश इथेही पाळावा. आधी तपासावे, पटले तर स्वीकारावे. आणि स्वीकारल्यावर मात्र तसे वागावे.

1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. मातंग समाजातील ही मुलगी पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकत होती. वय सुमारे चौदा. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल तिने मांडले. वेदांवर आमचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवालही तिने केला. त्या सवालाला उत्तर मिळण्यास 14 ऑक्टोबर 1956 हा दिवस उजाडावा लागला. तब्बल 101 वर्षे! नागपूरला मिळालेले ते उत्तर हळहळीचे नव्हते, कृतीचे होते.

अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात 2 मार्च 1955 रोजी पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्व्हिन या काळ्या मुलीने गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील जागा सोडण्यास नकार दिला. तिला अटक झाली. रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधीची ही गोष्ट. परंतु चळवळीच्या पुढाऱ्यांनी तिला पुढे केले नाही. तिचे लहान वय हे त्याचे एक कारण होते. तरीही बसमधील भेदभावाविरुद्धच्या खटल्यात ती वादी झाली, तिने साक्ष दिली आणि 1956 साली न्यायालयाने तो भेदभाव घटनाबाह्य ठरविला.

सप्टेंबर 2019 मध्ये सोळा वर्षांच्या ग्रेटा थुनबर्गने संयुक्त राष्ट्रसंघात राज्यकर्त्यांना फटकारले. आशा मागायला तुम्ही आम्हा मुलांकडे येता, असा तिचा रोख होता. सभागृहाने त्यावरही टाळ्या वाजविल्या! टाळी ही अशी सोयीची वस्तू आहे. तिने ऋण फिटत नाही, फिटल्याचा भास मात्र होतो.

मी शिक्षक आहे. जयंतीला विद्यार्थिनी भाषण करते तेव्हा पालक कौतुकाने ऐकतात. तीच मुलगी मोठी होऊन ग्रामसभेत पाणवठ्याचा किंवा गायरानाचा प्रश्न काढते, तेव्हा 'गप्प बस, आपल्याला इथेच राहायचे आहे' असे तिला घरूनच सांगितले जाते. ही भीती खोटी नाही. मजुरी बुडते, दुकानदार उधारी बंद करतो. पण आपण गप्प राहिल्याने किंमत टळत नाही. ती सगळी त्या एकटीच्या माथी बसते. दहा घरांनी वाटून घेतली तर सोसवेल अशी किंमत एका घराला उद्ध्वस्त करते.

म्हणून प्रेरणेचे ऋण म्हणजे त्या किमतीतील आपला वाटा. अर्जावर पहिली सही तिची असेल, तर दुसरी आपली हवी. तालुक्याला खेटे घालताना तिच्या सोबत कोणी हवे. साक्षीची वेळ आली तर तोंड उघडायला हवे.

बांधवांनो, अष्टांगिक मार्गात सम्यक वाचेनंतर लगेच सम्यक कर्मान्त येतो. वाचा त्या तरुणांची झाली. कर्मान्त कोणी करायचा?