वाटाड्या मागे राहतो

आपल्या मंडळ्यांतील काही बंधुभगिनी यरुशलेम, बेथलेहेम व गालील पाहून आलेली आहेत. बहुधा पाळकसाहेब बरोबर असतात, प्रवासकंपनीचा माणूस असतो, आणि परतल्यावर एखाद्या रविवारी उपासनेनंतर पाहिल्या-ऐकल्याची हकीकत सांगितली जाते. अशा प्रवासाची तयारी म्हणजे पैसे, पासपोर्ट, औषधे आणि पायात बरे बूट, एवढेच आपण धरून चालतो. पण हल्ली काही तरुण मंडळींना निराळी हौस असते. जेथे सारे जातात तेथे जाण्यात काय मोठे, जेथे कोणी जात नाही तेथे जावे, असे त्यांना वाटते. अशा देशांची नावे निघाली की उत्तर कोरियाचे नाव लवकरच निघते.

या हौसेला आम्ही नावे ठेवत नाही. दूरचा शेजारी कसा राहतो हे पाहावेसे वाटणे हे चांगल्या मनाचे लक्षण आहे. पण त्या देशात एकट्याने फिरता येत नाही. सरकारने नेमलेला वाटाड्या, म्हणजे ज्याला आपण गाईड म्हणतो तो, सतत बरोबर असतो. त्यामुळे एक नीतीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो तिकिटाच्या आधी सोडवावा लागतो. तो असा: आपल्या तेथील वागण्याची किंमत कोण देतो?

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. उत्तर कोरियाला जाणारे पर्यटक बहुतेक चीनमार्गे जात आले आहेत. बाहेरची एखादी प्रवासकंपनी तेथील सरकारी पर्यटन संस्थेशी बोलणे करते, व्हिसा मिळवते व दिवसवार कार्यक्रम ठरवून घेते. बेजिंगहून विमानाने जावे, नाहीतर आगगाडीने दान्दोंगला पोहोचून यालू नदीचा पूल ओलांडावा. पलीकडे गेल्यावर दोन वाटाडे व एक गाडीवान शेवटच्या दिवसापर्यंत सोबत असतात. त्यांच्यावाचून हॉटेलाबाहेर पडून गावात हिंडता येत नाही. राजधानी प्योंगयांगमधील ठरलेली ठिकाणे दाखवली जातात: मानसू टेकडीवरील किम घराण्यातील दोन नेत्यांचे प्रचंड पुतळे, १७० मीटर उंचीचा जूचे मनोरा, जमिनीखालून धावणारी रेल्वे, आणि दक्षिणेस सरहद्दीवरचे पानमुनजोम. पुतळ्यांपुढे फुले ठेवून वाकावे अशी अपेक्षा असते. त्यांचे छायाचित्र काढायचे तर पूर्ण काढावे, अर्धे कापू नये. नेत्याचे चित्र छापलेले वर्तमानपत्र घडी घालून चुरगाळू नये. सैनिकांची छायाचित्रे घेऊ नयेत. धार्मिक साहित्य वाटणे हा तर मोठाच अपराध.

हे दार नेहमी उघडे असते असेही नाही. जानेवारी २०२० मध्ये साथीच्या भीतीने त्या देशाने आपल्या सीमा बंद केल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाच्या पर्यटकांना प्रथम आत घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईशान्येकडील रासोन हा भाग पाश्चात्य पर्यटकांसाठी उघडला, आणि काही आठवड्यांतच मार्चमध्ये पुन्हा बंद केला. जुलै २०२५ मध्ये वोन्सानजवळ समुद्रकिनारी मोठे विश्रामस्थान सुरू झाले, आणि त्याच महिन्यात परदेशी पर्यटकांना तेथे तूर्त प्रवेश नाही असे जाहीर झाले. म्हणून जाण्याचा बेत करणाऱ्याने त्या घडीला दार कोणत्या अवस्थेत आहे, हे आधी विचारून घ्यावे.

ख्रिस्ती माणसाला या देशाची ओढ वाटावी असे आणखी एक कारण आहे. १८६६ मध्ये वेल्सचा एक मिशनरी, रॉबर्ट जर्मेन थॉमस, प्योंगयांगजवळ तैदोंग नदीकाठी मारला गेला. पुढे चाळीस वर्षांनी, १९०७ मध्ये, त्याच शहरात मोठे संजीवन झाले व कोरियाभर पसरले. प्योंगयांगला तेव्हा पूर्वेचे यरुशलेम म्हणत. ज्यांनी आजचे राज्य स्थापले त्या किम इल-सुंग यांची आईदेखील प्रेस्बिटेरियन घराण्यातली होती. आज तेथे परदेशी पाहुण्यांना दाखवली जाणारी मोजकी उपासनामंदिरे आहेत. त्यांपैकी बोंगसू मंदिर १९८८ मध्ये बांधले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ च्या अहवालात म्हटले की तेथे विचार, विवेक व धर्म यांचे स्वातंत्र्य जवळजवळ पूर्णपणे नाकारले जाते, आणि राज्यकर्त्यांकडून मानवतेविरुद्ध गुन्हे घडले आहेत.

एवढे ऐकल्यावर काही जण म्हणतील, मग जाऊच नये. आपण दिलेले पैसे शेवटी त्या राज्यकर्त्यांच्याच तिजोरीत पडणार. दुसरे म्हणतील, अवश्य जावे. बंद घरातल्या माणसाला बाहेरचा चेहरा दिसला तर त्याचे बरेच होईल. ज्याला लहानपणापासून परका म्हणजे वैरी असे शिकवले, त्याने एक हसरा, सभ्य परका पाहिला तर ते थोडे नव्हे. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. पैशांचा आक्षेप आम्ही हलका मानत नाही, आणि ज्याचे मन त्यावरच अडते त्याने खुशाल घरी राहावे. पण या दोन्ही बाजूंच्या वादात एक माणूस विसरला जातो. तो म्हणजे वाटाड्या.

त्याच्याकडे नीट पाहा. त्याला इंग्रजी किंवा चिनी येते, म्हणजे तो शिकलेला आहे. त्याला ही नोकरी मिळाली, म्हणजे त्याच्या घराण्यावर सरकारचा विश्वास आहे. वाटाडे दोन असतात ते एकमेकांवर नजर राहावी म्हणून, असे त्या देशातून निसटून आलेले लोक सांगतात. आपण सात दिवसांनी विमानात बसतो. त्याला मात्र आपण काय बोललो, कशाचे छायाचित्र काढले, कोठे थांबलो, याचा जाब द्यावा लागतो. आपल्यावर त्याचा ताबा आहे असे आपल्याला वाटते. खरे पाहता त्याची भाकर आपल्या हाती असते.

पाहुण्यालाही धोका नसतो असे नाही. ऑटो वॉर्मबियर हा २१ वर्षांचा अमेरिकन विद्यार्थी अशाच सहलीवर गेला होता. हॉटेलातील घोषणेचा फलक काढल्याच्या आरोपावरून त्याला जानेवारी २०१६ मध्ये पकडले व मार्चमध्ये पंधरा वर्षांची सक्तमजुरी दिली. जून २०१७ मध्ये तो बेशुद्धावस्थेत घरी परतला आणि काही दिवसांतच वारला. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून अमेरिकेने आपल्या नागरिकांना तेथे जाण्याची बंदी केली. त्याची गोष्ट जगाला कळली, कारण त्याच्यामागे एक देश बोलायला उभा होता. एखाद्या वाटाड्यावर आळ आला तर त्याचे नावही आपल्या कानी येणार नाही.

आता पुतळ्यांपुढे वाकण्याचा प्रश्न घेऊ. शब्बाथशाळेतील मुलेही येथे लगेच शद्रख, मेशख व अबेद्नगो यांची नावे घेतील, आणि ते योग्यच आहे. पण त्याच शास्त्रात नामान सेनापतीचीही गोष्ट आहे. राजा रिम्मोनाच्या देवळात आपल्या हातावर टेकून वाकेल तेव्हा आपल्यालाही वाकावे लागेल, याची त्याने आधीच अलीशाकडे क्षमा मागितली, आणि संदेष्ट्याने त्याला शांतीने वाटेला लावले. मृत नेत्याच्या पुतळ्याला मान लववणे ही पूजा आहे की यजमानाच्या घरची रीत, यावर प्रामाणिक ख्रिस्ती माणसांत मतभेद होतील. आमचे म्हणणे इतकेच की ते मत घरी ठरवावे. तिघा तरुणांसाठी भट्टी तापवली होती तीत त्यांनाच जायचे होते. टेकडीवर ऐनवेळी ताठ उभा राहणारा पाहुणा मात्र संध्याकाळी आपल्या खोलीत जेवेल, आणि जाब वाटाड्याला विचारला जाईल. ज्याचा विवेक वाकू देत नाही त्याने जाऊ नये. न जाणे हीही साक्षच आहे, आणि तिची किंमत दुसऱ्या कोणाला पडत नाही.

याहून कठीण प्रश्न सुवार्तेचा. मे २०१४ मध्ये एका अमेरिकन पर्यटकाने चोंगजिन शहरातील एका क्लबात पवित्र शास्त्राची प्रत मागे ठेवली. त्याला अटक झाली व ऑक्टोबरमध्ये सुटका झाली. त्याच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. पुष्कळांना त्याचे कौतुकही वाटेल. प्रेषितांनी गप्प बसण्याचा हुकूम मानला नाही, मग आपण का मानावा, असे कोणी विचारील. उत्तर असे की प्रेषितांनी फटके आपल्या पाठीवर घेतले. थॉमस मिशनरीने आपला जीव पणाला लावला. आपल्या रक्ताने साक्ष देणारा हुतात्मा होतो. दुसऱ्याच्या रक्ताने कोणी हुतात्मा होत नाही. ते पुस्तक ज्याच्या हाती पडेल, किंवा ज्याच्या डोळ्यांदेखत ते ठेवले गेले त्या वाटाड्याचे काय होईल, हे न विचारता केलेले धाडस ही आमच्या मते प्रीती नव्हे.

येथे दावीद राजाची एक गोष्ट आठवते. त्याला बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी प्यावेसे वाटले. त्याचे तीन वीर पलिष्ट्यांच्या छावणीतून घुसून ते पाणी घेऊन आले. पाणी चांगले होते, तहान खरी होती, आणणाऱ्यांनी ते प्रेमाने आणले होते. तरी दाविदाने ते प्यायले नाही. ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांचे रक्तच त्यात त्याला दिसले, म्हणून त्याने ते परमेश्वरापुढे ओतून दिले. आपली पाहण्याची तहान, ज्ञानाची तहान, साक्ष देण्याचीही तहान खरी असेल. पण ती भागवणारे पाणी कोणाच्या जिवावर आले आहे, हे पाहण्याचे डोळे दाविदासारखे हवेत.

कोणी म्हणेल, अशाने आपण जुलमी सत्तेच्याच डावाला फसतो. तिने वाटाड्याला ओलीस धरून आपले तोंड बंद केले. हे खरे आहे. पण ओलीस धरणाऱ्याचा अपराध मोठा म्हणून ओलिसाचा जीव स्वस्त होत नाही.

तसेच वाटाड्याला प्रश्न विचारण्याचे. पुष्कळ प्रवाशांना वाटते की नेमका प्रश्न टाकला तर हा मनातले बोलेल. याबाबत आपल्याच लोकांचा एक अनुभव ध्यानात घेण्याजोगा आहे. १९५३-५४ मध्ये कोरियन युद्धातील ज्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांनी मायदेशी परतण्यास नकार दिला होता, त्यांना पानमुनजोमजवळच्या निर्लष्करी पट्ट्यात भारतीय सैन्याच्या ताब्यात ठेवले होते. तटस्थ आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, आणि कैद्यांवर पहारा करणाऱ्या फौजेचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात. परत जावयाचे की नाही, हे प्रत्येक कैद्याने स्वतः ठरवावे असा करार होता. पण छावण्यांतून कैद्यांचेच पुढारी इतरांवर धाक ठेवून होते. विचारणारा कितीही निःपक्षपाती असला तरी, ज्याच्या पाठीशी धाक उभा आहे त्याचे उत्तर मोकळे नसते. वाटाड्याला त्याच्या नेत्याविषयी, उपासमारीविषयी, तुरुंगांविषयी विचारणे म्हणजे त्याला दोनच वाटा ठेवणे: खोटे बोल, नाहीतर संकटात पड. त्यापेक्षा त्याच्या मुलांची चौकशी करावी, आपल्या घरची माणसे सांगावीत, त्याला वाटेल ते त्याला बोलू द्यावे. सत्य जाणण्यासाठी अहवाल आहेत, निसटून आलेल्यांच्या जबान्या आहेत. त्या जाण्यापूर्वी घरी वाचाव्यात.

परतल्यावरही जबाबदारी संपत नाही. मंडळीपुढे बोलायला उभे राहिल्यावर, रस्ते स्वच्छ होते, मुले छान गात होती, सारे सुखी दिसले, असे सांगणे ही खोटी साक्ष ठरेल. कारण आपल्याला तेवढेच दाखवले होते. आणि सारे नाटक होते, बोंगसू मंदिरातले उपासकही नटच होते, असे सांगणेही खोटी साक्षच. कारण कोणाच्या अंतःकरणात काय होते हे देव जाणतो. जमिनीखालच्या रेल्वेत झोपी गेलेल्या मुलाला कुशीत धरणारी आई आपल्यासाठी नाटक करत नसते. जे दाखवले ते दाखवले म्हणून सांगावे, जे स्वतः वाचले ते वाचले म्हणून सांगावे. आणि वाटाड्याचे नाव, त्याचे छायाचित्र, आपल्याशी त्याने विश्वासाने बोललेला शब्द, यांतले काहीही सभेत किंवा छापून सांगू नये. शब्द एकदा सुटला की तो सीमा ओलांडून कोणाच्या कानी जाईल याचा नेम नाही.

म्हणून आमची सूचना अशी. अशा देशाच्या सहलीची आखणी नकाशापासून सुरू करू नये, वाटाड्यापासून सुरू करावी. तेथील नियम आधी वाचावेत, आणि प्रत्येक नियमापुढे स्वतःला विचारावे: हा मला मनापासून पाळता येईल काय? येत नसेल तर तेथेच थांबावे, आणि त्या लोकांसाठी घरी बसून वाचावे, प्रार्थना करावी. त्यात काही उणे नाही. येत असेल, आणि पैशांच्या प्रश्नावरही आपला विवेक स्वच्छ असेल, तर जावे. पण तेथे आपण परीक्षक नाही, पाहुणे आहो, हे लक्षात ठेवावे. सात दिवस कोणा अनोळखी माणसाचे ओझे न वाढवता त्याच्याबरोबर चालणे, एवढे जरी साधले तरी ती सहल वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही.