लपविणे आणि न सांगणे



गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आजाऱ्यांच्या भेटी आटोपून परतताना आमच्या स्कूटरचे मागचे चाक जड वाटू लागले. उतरून पाहिले तर हवा निम्म्यावर आलेली. टायर ट्यूबलेस होता. ट्यूबच्या गाडीत खिळा शिरला की चाक लगेच बसते आणि सगळा रस्ता ते पाहतो. ट्यूबलेसचे तसे नाही. येथे टायरच रिमला घट्ट बसून हवा धरतो. खिळा रबरात रुतून राहतो, स्वतःच भोक बुजवतो आणि हवा हळूहळू जात राहते. गाडी चालत असते, म्हणून आपण वाकून पाहत नाही.

नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने टायरवर साबणाचे पाणी टाकले, तसे बुडबुडे दिसले. त्याने पकडीने खिळा उपटला, खरखरीत सळी भोकात फिरवून ते साफ केले, सुईच्या नेढ्यात रबरी पट्टी ओवली, सोल्यूशन लावून ती जोराने आत दाबली आणि सुई झटक्यात ओढून घेतली. पट्टी आत राहिली. बाहेरची टोके कापली, हवा भरली, पुन्हा पाणी टाकले. आता बुडबुडा नाही. चाकही काढावे लागले नाही. आम्ही पैसे पुढे केले तेव्हा तो म्हणाला, “फादर, एक सांगून ठेवतो. खिळा मधोमध असता तर काळजी नव्हती. हा अगदी कडेला होता. तिथे टायर सारखा वाकतो, पट्टी कधी सुटेल सांगता येत नाही. घरी जाईपर्यंत ठीक आहे, पण टायर बदला. डबलसीट तर नकोच.”

तो काही टायर विकत नव्हता. गप्प राहिला असता तर त्याचे काहीच बिघडले नसते. आम्हाला तर टोक कापल्यावर ती जागा सापडलीही नसती.

आम्ही मात्र टायर बदलला नाही. आज-उद्या करता करता तीन आठवडे गेले. हवा टिकून होती. त्याच सुमारास स्कूटर विकायचे ठरले. शेजारच्या गावचा एक तरुण पाहायला आला. रोज सकाळी पत्नीला स्टेशनवर सोडण्यासाठी त्याला गाडी हवी होती. त्याने इंजिन ऐकले, ब्रेक दाबून पाहिले, कागदपत्रे तपासली. टायरविषयी त्याने काही विचारले नाही. आम्हीही काही सांगितले नाही. किंमत ठरली.

त्या रात्री सेमिनरीत शिकलेला एक धडा आठवला. इ. स. पूर्व ४४ मध्ये रोमन विचारवंत सिसेरो याने कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक धान्यव्यापारी आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ असताना तो धान्याचे जहाज घेऊन पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे फक्त त्यालाच ठाऊक आहे. त्याने ते सांगावे की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? डायोजिनिस म्हणतो, लपविणे वेगळे आणि न सांगणे वेगळे. त्याचा गुरुबंधू नव्हे, तर शिष्य असलेला अँटिपेटर म्हणतो, ग्राहकाला सर्व सांगितलेच पाहिजे. सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने पडतो.

संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी हाच प्रश्न अधिक बारकाईने सोडविला. व्यापाऱ्याने मागच्या जहाजांविषयी सांगितले तर ते अधिक सद्गुणाचे, पण न्यायाने तो बांधील नाही, असे ते म्हणतात. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर तेही सर्वांना दिसतेच. योग्य ती किंमत कमी केली की पुरे. परंतु दोष लपलेला असेल आणि त्यापासून घेणाऱ्याला नुकसान वा धोका असेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे.

वर्गात आम्ही यावर हिरीरीने वाद घातला होता. आता मात्र मन डायोजिनिसची वकिली करू लागले. आम्ही खोटे बोललो नाही. त्याने विचारले नाही. हवा तर टिकून आहे. किंमतही आधीच कमी लावली आहे. यातील एकही वाक्य असत्य नव्हते. तरीही फाटलेले सीट त्याला दिसत होते आणि पट्टी दिसत नव्हती. ती आम्हाला दिसत होती, तीही दुसऱ्या कोणी आपणहून सांगितले म्हणून. आणि त्या चाकावरच त्याची पत्नी रोज मागे बसणार होती. जे दोघांना दिसते त्याविषयी गप्प राहणे हे नुसते न सांगणे असू शकते. जे एकालाच ठाऊक आहे आणि दुसऱ्याला घातक आहे, त्याविषयी गप्प राहणे म्हणजे लपविणेच.

सकाळी आम्ही त्याला फोन करून सर्व सांगितले व नव्या टायरची किंमत कमी केली. तो क्षणभर गप्प राहिला. मग त्याने अदबीने विचारले, “फादर, आणखी काही आहे का?”

तो प्रश्न आम्हाला लागला, पण रास्त होता. पहिल्याच दिवशी सांगितले असते तर त्याला तो विचारावा लागला नसता. उशिरा सांगितलेले खरेही खरेच असते, पण विश्वासाची थोडी हवा तोवर निघून गेलेली असते.

आपल्याकडे जागेचे सौदे होतात, जुन्या गाड्या विकल्या जातात, सोयरिकी जुळविल्या जातात. सर्वच सांगत बसावे असे नाही. प्रत्येकाच्या घरी झाकलेले काही असते. परंतु व्यवहार पक्का करण्यापूर्वी स्वतःला एवढे विचारू या: समोरच्याला दिसत नाही आणि उद्या त्याला भोवेल, असे आपल्याला काय ठाऊक आहे? नाक्यावरच्या त्या माणसाने हा ग्रंथ वाचला नव्हता. त्याने पैसे हातात घेण्याआधी सांगितले होते.

आपले,
प्रमुख धर्मगुरू