सहीचे इमान

रुग्णालयातील बहुतेक यंत्रांच्या पाठीवर किंवा कडेला एक लहानसा कागद चिकटवलेला असतो. तपासणीची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्याची सही, एवढेच त्यावर असते. रुग्ण तो वाचत नाही, त्याचे नातेवाईकही वाचत नाहीत. नर्स घाईघाईने यंत्र ओढून नेते तेव्हा तिची नजर त्या कागदावर पडलीच, तर ती तारखेपुरती. तरीही त्या खोलीत जे काही चालते ते त्या सहीच्या भरवशावर चालते. डॉक्टर मॉनिटरवरचा आकडा खरा मानतात, कारण हे यंत्र खरा आकडा दाखवते असे कोणीतरी लिहून दिलेले असते. लिहून देणारा माणूस बहुधा तळमजल्यावरच्या एखाद्या खोलीत, उघडलेल्या यंत्रांच्या गराड्यात बसलेला असतो आणि त्याच्या शेजारी स्टुलावर अठरा-एकोणीस वर्षांचा एक शिकाऊ मुलगा असतो. या मुलाला आपण नेमके काय शिकवतो, हा प्रश्न आम्हाला विचारायचा आहे.

आम्ही म्हणजे हे काम शिकलेली आणि आता इतरांना शिकवणारी माणसे. आमच्यातले बरेच जण हाताच्या हुन्नरावर चालणाऱ्या घरांतून आले. कोणाच्या वडिलांचे गॅरेज, कोणाचे मामू मोटारी रिवाइंड करणारे, कोणाच्या घरी शिलाईचे मशीन. आयटीआय करून १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रुग्णालयात पाऊल टाकले, तेव्हा आम्हाला वाटले की काम तेच आहे, फक्त जागा बदलली. सुरुवातीची कामेही तशीच होती. बीपीच्या कफची फुटलेली नळी बदलणे, तुटलेली वायर जोडणे, सक्शन मशीनचा फिल्टर साफ करणे, ऑटोक्लेव्हच्या दाराचे गॅस्केट बसवणे. स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची गन एवढ्यावर दिवस निघत असे.

फरक हळूहळू कळला. गॅरेजमध्ये गाडी नीट झाली नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभे राहते. शर्ट बिघडला तर घालून पाहताच कळते. तिथे कारागिराचे इमान तपासायला गिऱ्हाईक समोर असते. इथे गिऱ्हाईक खाटेवर झोपलेले असते आणि बऱ्याचदा बेशुद्ध असते. यंत्राने चूक केली तर ती यंत्राची होती हे त्याला कधी कळत नाही, त्याच्या घरच्यांनाही नाही. आजार वाढला, असेच सगळे समजतात. ज्या कामात चुकीला साक्षीदार नसतो, त्या कामात कारागिराला खरे कोण ठेवणार?

दुसरा फरक त्याहून मोठा. जुन्या हुन्नरात उस्तादाचा हात आणि कान हाच पुरावा असे. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. इथे हात आणि कान पुरत नाहीत. विजेवर चालणाऱ्या यंत्रातून थोडासा करंट बाहेर झिरपतोच. हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या भागातून तो नेहमीच्या स्थितीत दहा मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त नसावा, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. माणसाच्या हाताला जाणवणारा करंट याच्या साधारण शंभरपट असतो. म्हणजे यंत्राला हात लावून 'शॉक बसत नाही, ठीक आहे' म्हणणारा कितीही अनुभवी असो, त्याच्या बोलण्याला इथे किंमत नाही. ते मोजावेच लागते. मोजले की नाही, हे मोजणाऱ्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते.

खोटेपणाला इथे लाचलुचपत लागत नाही, थोडासा कंटाळा पुरतो. सिरिंज पंपाचे उदाहरण घ्या. तासाला पाच मिलिलिटर औषध जावे असे लावले, तर खरोखर तेवढेच जाते का हे पाहायला वेळ लागतो. ॲनालायझर नसेल तर मोजपात्र लावून तासभर थांबायचे. मग नळी चिमटून अलार्म वाजतो का ते पाहायचे. असे वीस पंप रांगेत असतात. काम तासाचे, पण कागद दोन मिनिटांत भरता येतो. मागच्या वेळचे आकडे समोर असतातच. एखादा ४.९ चा ५.० करायचा, एखादा ५.१, म्हणजे नक्कल वाटत नाही. बेताल थरथरणारे हृदय पुन्हा ठेक्यावर आणण्यासाठी झटका देणारा डिफिब्रिलेटरही तसाच. प्लग लावून झटका टेस्टरवर पाहिला, २०० जूल लावले आणि तेवढे मिळाले. पण प्लग काढून, नुसत्या बॅटरीवर? रुग्ण कोसळतो तो अनेकदा जिन्यात किंवा गल्लीबोळासारख्या व्हरांड्यात, जिथे प्लग नसतो. ज्याने बॅटरीवर पाहिले नाही त्याने यंत्र अर्धेच तपासले. सही मात्र तो पूर्णच करतो.

आमच्या मते ही सही म्हणजे साक्ष आहे. 'मी पाहिले' असे ती म्हणते. न पाहता केलेली सही हा आळस नव्हे, ती खोटी साक्ष आहे, आणि पुढे काही वाईट घडले नाही म्हणून ती खरी ठरत नाही. हा विचार आपल्याला परका नाही. जुन्या मुस्लिम शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी बाजारातली वजने-मापे तपासत असे. त्याच्यासाठी लिहिलेल्या बाराव्या शतकातील ग्रंथांत धान्य विकणाऱ्यांप्रमाणेच वैद्य, डोळ्यांवर उपचार करणारे आणि हाडे बसवणारे यांच्यावरही प्रकरणे आहेत. गिऱ्हाइकाला जे स्वतः तपासता येत नाही ते त्याच्या वतीने दुसऱ्याने तपासावे, एवढाच त्यामागचा हेतू. रुग्णालयाच्या तळमजल्यावरचा आमचा शागीर्द आज तेच करतो, फक्त त्याला कोणी तो मान देत नाही.

न पाहता सही करणारा दोषी, हे सगळे मान्य करतील. पण पाहिले, आणि काही सापडले नाही, तर? अमेरिकेत टेक्सास राज्यातील टायलर या गावी १९८६ साली थेराक-२५ नावाचे किरणोपचाराचे यंत्र होते. २१ मार्चला त्याने एका रुग्णाला ठरल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त किरण दिले. रुग्ण वेदनेने ओरडत उठला, पडद्यावर मात्र फक्त 'बिघाड ५४' एवढेच आले. कंपनीचे लोक आले, तपासले, दोष सापडेना. या यंत्राकडून जास्त मात्रा जाऊच शकत नाही, असे सांगण्यात आले. ७ एप्रिलला यंत्र पुन्हा वापरात आले आणि ११ एप्रिलला दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत तेच घडले. दोघेही पुढे दगावले. यानंतर तिथला भौतिकशास्त्रज्ञ आणि ते यंत्र चालवणारी कर्मचारी ठाण मांडून बसले आणि पुन्हापुन्हा तीच बटणे दाबत राहिले. भरलेली माहिती काही सेकंदांत झटपट दुरुस्त केली की यंत्र चुकते, हे अखेर त्यांनी शोधून काढले. तपासणारे लोक खोटे बोलले नव्हते. पण 'दोष सापडला नाही' आणि 'दोष नाही' या दोन वाक्यांतले अंतर कोणीतरी पुसून टाकले होते. शागीर्दाला पहिल्या महिन्यातच हे अंतर शिकवले पाहिजे, सोल्डरिंगच्याही आधी.

इथे कोणी म्हणेल, हे सगळे त्या पोरावर का लादता? प्रश्न रास्त आहे. शिकाऊ मुलाला तुटपुंजे विद्यावेतन मिळते, वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र साहेबाच्या हाती असते, आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयाचे इन्स्पेक्शन असते. वरून आवाज येतो, 'टाक रे सही, बघू नंतर.' असे आवाज आम्ही ऐकले आहेत आणि ते ऐकणाऱ्या पोरांचे चेहरेही पाहिले आहेत. ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नाही, त्याच्या 'हो'ला काय अर्थ? म्हणून आमचे म्हणणे असे, की शागीर्दाच्या खोट्या सहीचा पहिला गुन्हेगार उस्ताद असतो. मुलगा यंत्र उघडायला कुठेही शिकेल, आजकाल मोबाइलवरही शिकेल. 'हे मी पाहिले नाही', 'हे मला कळत नाही' ही दोन वाक्ये बोलल्यावर त्याचा अपमान होणार नाही, अशी जागा मात्र फक्त उस्तादच देऊ शकतो. ती न देता इमानाचे धडे देणे म्हणजे आपले ओझे लहान खांद्यावर टाकणे होय.

याहून अवघड प्रश्न एक उरतो. केंद्र शासनाने २०१५ साली सरकारी रुग्णालयांतील उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम हाती घेतला. त्यासाठी झालेल्या मोजणीत सुमारे साडेसात लाख उपकरणे नोंदली गेली आणि राज्यागणिक त्यांतील १३ ते ३४ टक्के बंद आढळली. मग लक्ष्य ठरले : जिल्हा रुग्णालयातील यंत्रे ९५ टक्के वेळ, सामुदायिक आरोग्य केंद्रातील ९० टक्के वेळ आणि प्राथमिक केंद्रातील ८० टक्के वेळ चालू असावीत. लक्ष्य चांगलेच आहे. पण जिथे 'चालू' या शब्दाला गुण मिळतात, तिथे 'चालू' लिहिण्याचा मोहही वाढतो. आणि समजा तालुक्याच्या गावी एकच व्हेंटिलेटर आहे, त्याच्याविषयी तपासणाऱ्याच्या मनात शंका आहे. तो बंद म्हणून बाजूला काढला तर आज रात्री येणाऱ्या रुग्णाला काहीच मिळणार नाही. तेव्हा इमान काय सांगते? २०२१ साली हा प्रश्न पुस्तकातला राहिला नव्हता. त्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळे गेली. एप्रिलमध्ये नाशिकला ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या दोन्ही दुर्घटनांचा दोष ठरवणे आमचे काम नाही. पण यंत्रावर टेकलेला जीव किती बारीक धाग्यावर असतो, हे त्या दिवसांनी सगळ्यांना दाखवले.

आमचे उत्तर असे आहे. शंका असलेले यंत्र वापरायचे की नाही, हा निर्णय तपासणाऱ्याचा नाही. तो खाटेजवळ उभे असलेल्या डॉक्टरचा. पण निर्णय खरा व्हायचा तर माहिती खरी हवी, आणि माहिती देणे हे तपासणाऱ्याचेच काम. 'बॅटरी वीस मिनिटेच टिकते, प्लगवरच वापरा', 'अलार्म उशिरा वाजतो, माणूस जवळ ठेवा' असे ठळक लिहून यंत्राला बांधता येते. मग डॉक्टर उघड्या डोळ्यांनी ते वापरतील किंवा वापरणार नाहीत. अपुरे यंत्र देणे ही कधीकधी गरिबी असते. अपुरे यंत्र पुरे म्हणून देणे हा मात्र विश्वासघात. गरिबीला माफी आहे, कारण ती लपवलेली नसते.

आपल्या घरांतला मुलगा कामाला लागला की आपण विचारतो, पगार किती, पक्के कधी होणार. हे विचारायलाच हवे, चूल त्यावर पेटते. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा, असे आम्हाला वाटते : बेटा, तिथे तुला 'मी सही करणार नाही' असे म्हणता येते का? येत असेल, तर तो योग्य उस्तादाकडे शिकतो आहे. येत नसेल, तर तो हुन्नर शिकेल, पण त्याच्या सहीची किंमत त्या कागदाएवढीच राहील. आणि वाचकहो, उद्या तुम्ही-आम्हीच त्या खाटेवर असू, डोळे मिटलेले, आणि आपल्या दंडाला गुंडाळलेल्या कफच्या टोकाशी कोणत्या तरी अनोळखी मुलाची सही असेल.